जोडतारे वगळू नका

मे महिन्यात पनवेलहून कर्नाळ्याच्या बाजूला, दिव्यांपासून दूर जाऊन सप्तर्षी पाहा. अरुंधतीशेजारचा वसिष्ठ एकच दिसतो. पण तो चार ताऱ्यांचा संसार आहे बरे! तेव्हा लाखो ताऱ्यांचे आयुष्य संगणकावर मांडताना प्रत्येक तारा एकटा धरणे मला पटत नाही. जवळच्या जोडीतला एक तारा फुगला, की त्याचे द्रव्य सोबत्याकडे वाहते आणि दोघांचेही भवितव्य बदलते. मात्र प्रत्येकाचे अंतरंग गणिताने सोडवू म्हटले, तर संगणकही थकेल! म्हणून हर्ली, टाउट व पोल्स यांनी २००२ साली झटपट सूत्रे दिली. ती ढोबळ आहेत, तरी चालतील. जोड्या सुटता कामा नयेत. हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो वेधशाळेला कृष्णविवरांच्या किती टकरी जाणवतील, हा अंदाज अशाच हिशेबावर बांधता येतो.