‘ब्रेक लागत नाही’ हे लिहायचे कुठे?

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,

नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बाजार समितीतून कांद्याचा ट्रक निघतो तेव्हा चालकाच्या डोक्यावरच्या कप्प्यात कागदांची कमी नसते. आरसी, परवाना, विमा, पीयूसी, फिटनेस, बिल्टी, काटापावती. वाटेत कोणीही हात दाखवला तरी फाइल पुढे करता येते. त्या फाइलमध्ये एकच कागद नसतो. आज सकाळी या गाडीचे ब्रेक, टायर, स्टेअरिंग आणि दिवे कोणी पाहिले, काय बिघाड आढळला, तो कोणी दुरुस्त केला, हे सांगणारा. तो नसतो, कारण आपल्या खात्याने मालट्रककडे तो मागितलेलाच नाही.

तपासणी होत नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. जुना चालक गाडीभोवती फेरी मारल्याशिवाय वर चढत नाही. लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतो, जोडचाकांत दगड अडकलाय का बघतो, चाकांचे नट पाहतो, हवेच्या टाकीत साचलेले पाणी सोडतो. इंजिन चालू करून काटा वर येईपर्यंत थांबतो, पेडल दाबून धरतो आणि कुठे ‘फुस्स’ होतेय का कान देऊन ऐकतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम. बिघाड सापडला की मालकाला सांगतो, “शेठ, ब्रेक लांबून लागतोय.” शेठचे उत्तर ठरलेले असते : “माल भरलाय, भाव पडायच्या आत पोचव. एवढी फेरी मारून ये, आल्यावर मिस्त्रीला दाखवू.” चालक नाही म्हणाला तर त्याच गाडीवर दुसरा चढतो. तोंडाने सांगितलेले तोंडातच राहते आणि गाडी मालेगावमार्गे राहुड घाटाकडे लागते. पुढे कसारा आहेच.

आता हिशेब. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० आपल्याला पाठ असणार. जो दोष माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, असा धोकादायक दोष असलेली गाडी चालवली किंवा चालवायला लावली, तर दंड. २०१९ च्या दुरुस्तीत हा दंड २५० रुपयांवरून १५०० रुपयांपर्यंत गेला. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपये, किंवा दोन्ही. दुसऱ्या पारड्यात भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ : निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड विधानात ती दोन वर्षे होती. अपघातानंतर खबर न देता पळाला तर दहा वर्षे, असे एक पोटकलमही लिहून ठेवले होते. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळ पानेवाडीच्या टँकरचालकांनीही केल्या, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवून बाकीची संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. म्हणजे ‘जा’ म्हणणाऱ्याला पंधराशे रुपये आणि गेलेल्याला पाच वर्षे. पंधराशेसुद्धा वसूल कसे होणार? ‘जा’ हा शब्द कुठे लिहिलेलाच नाही.

खात्यावर सगळेच ढकलणे अन्यायाचे होईल. फिटनेस तपासणी आहे ना! नव्या गाडीला दोन वर्षांचे प्रमाणपत्र, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षाला. तपासणीच्या दिवशी गाडी धुतलेली असते, टायर चांगले असतात, रिफ्लेक्टर चकाकत असतात. ते टायर पुढच्या आठवड्यात कोणत्या गाडीला असतात हे तपासण्याची पद्धत नाही. कायद्याने टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेली चालत नाही. नामपूर ते वाशी अशी खेप मारणारा चालक ती रोज डोळ्यांनी बघतो, पण आपल्या लेखी त्याचे डोळे वर्षातून एकदाही मोजले जात नाहीत. ३६४ दिवस गाडी रामभरोसे आणि एक दिवस आपल्या भरोशावर.

याच परिसरात काय घडले हे आपल्या कार्यालयाला वेगळे कळवण्याची गरज नसावी. २८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशीजवळ एसटी बस आणि रिक्षा विहिरीत कोसळून २६ माणसे गेली. बसचे टायर फुटल्याचे पहिल्या बातम्यांत सांगितले गेले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर उतारावरून आलेला ट्रक गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला. किमान १० जण मेले, कारण ‘ब्रेक निकामी’. १२ जानेवारी २०२५ च्या रात्री नाशिकच्या द्वारका उड्डाणपुलावर सळ्या घेऊन निघालेल्या ट्रकवर मागून पिकअप आदळली आणि किमान ६ जण दगावले. बाहेर आलेल्या सळ्यांना मागे धोक्याची खूण नसल्याचे तेव्हा सांगण्यात आले. फाळक्याच्या मागे जाऊन एकदा नजर टाकली असती तरी दिसले असते, इतकी ही साधी गोष्ट. राज्यात रस्त्यांवर २०२२ साली १५,२२४ आणि २०२३ साली १५,३६६ माणसे मेली. प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपला मोटार वाहन निरीक्षक कलम १३६ प्रमाणे गाडी तपासायला येतो. ब्रेक, टायर, स्टेअरिंग, दिवे, सगळे बघतो आणि लिहितो. गाडी मोडल्यावर लिहायला खात्याकडे नमुना आहे. निघण्याआधी लिहायला नाही.

हाच कांदा रेल्वेने गेला तर? ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून ४२ डब्यांची मालगाडी सुमारे १६०० टन कांदा घेऊन दिल्लीला गेली. रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट नावाचा कागद असतो. डब्यांचे ब्रेक तपासणारे कर्मचारी, लोको पायलट आणि गार्ड यांच्या सह्या त्यावर होतात, आणि निघण्याआधी वैध कागद हातात आहे ना, हे लोको पायलटने पाहायचे असते. कांदा तोच, शेतकरी तोच. रुळांवर गेला तर ब्रेकचा कागद, डांबरावर गेला तर देवाचे नाव.

अमेरिकेत मालट्रकच्या चालकाने दिवसाअखेर बिघाड लेखी द्यावा, मालकाने दुरुस्तीची सही केल्याशिवाय गाडी पुढे जाऊ नये आणि ते कागद तीन महिने जपावेत, असा नियम आहे. पुढच्या चालकाने तो अहवाल बघून सही करायची. ब्रिटनमध्ये हे कागद १५ महिने ठेवतात. तिथले एक प्रकरण आपण जरूर मागवून वाचावे. ९ फेब्रुवारी २०१५ रोजी बाथ शहरात उतारावर ब्रेक गेलेल्या टिपरखाली चौघे मेले, त्यात चार वर्षांची मुलगी होती. २०१७ मध्ये न्यायालयाने मालकाला साडेसात वर्षे आणि मेकॅनिकला पाच वर्षे तीन महिने कैद ठोठावली. चालक निर्दोष सुटला. नामपूरच्या कोणत्याही चालकाला ही गोष्ट सांगितली तर तो आधी हसेल, मग पुन्हा विचारेल, “खरंच सुटला?”

एक आक्षेप येणार, तो आधीच घेऊन टाकू. चालक खोटे बोलतात. बोलतात, नाकारण्यात अर्थ नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने अनेक गाड्या चिरडल्या, आधी ब्रेक फेल झाल्याचे सांगितले गेले आणि नंतर तपासात ब्रेक ठीक निघाले. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर उतारावर सोडली होती. इंजिन बंद पडले की कॉम्प्रेसर थांबतो, पेडल पुन्हा पुन्हा दाबले की टाकीतली हवा संपत जाते. पण म्हणूनच सकाळचा कागद हवा. तो नसेल तर खरे ‘ब्रेक फेल’ आणि खोटे ‘ब्रेक फेल’ न्यायालयात सारखेच दिसतात, आणि मालकाचे ‘मला सांगितलेच नव्हते’ हेही खरेच मानावे लागते. दुसरा आक्षेप असा की लोक तो कागद भरताना डोळे मिटून बरोबरच्या खुणा करतील. काही करतील. फिटनेसच्या कागदांवर डोळे उघडे ठेवूनच सह्या होतात, असा दावा खात्याने करावा, मग या आक्षेपावर बोलू.

नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे प्रत्येक परवान्याची पहिलीच अट अशी की गाडी सदैव कायद्याला धरून सुस्थितीत ठेवली पाहिजे. परवाना मालकाचा, म्हणून अटही मालकावर. अट मोडली तर कलम ८६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होतो. कलम ७९ प्रमाणे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला एक महिन्याची नोटीस देऊन मालवाहू परवान्याला नवी अट जोडता येते. तर ती जोडा : गाडीत दोन प्रतींची दैनंदिन तपासणी वही असेल. एक प्रत चालकाकडे राहील, एक मालकाकडे जाईल. ब्रेक, स्टेअरिंग, टायर किंवा मागच्या दिव्यांचा बिघाड लिहिला असेल तर दुरुस्तीची सही झाल्याशिवाय गाडी माल भरणार नाही. अपघात झाला तर कलम १३६ च्या अहवालाला मागच्या तीस दिवसांची पाने जोडली जातील. मालासह एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या पिकअपला परवानाच लागत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम करावा लागेल. तेवढे काम मंत्रालयाने करावे.

बिघाड लिहून दिला म्हणून चालकाला कामावरून काढले, तर ती तक्रार कोणी घ्यायची, हेही त्याच नोटिशीत लिहा. नाहीतर वही कोरीच राहील.

सुरुवात मालेगाव कार्यालयातून, एमएच ४१ च्या गाड्यांपासून करा, आणि उन्हाळ कांद्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत करा. नोटिशीला एक महिना लागतो.