साबणाला फेस आला म्हणजे पाणी शुद्ध झाले काय?

गेल्या महिन्यात मुकुंदवाडीतील एका स्नेह्याकडे गेलो, तर तेथे पाणी मऊ करण्याचे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर विकणारा माणूस बसलेला. त्याने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एकीत घरच्या बोअरचे पाणी, दुसरीत त्याच्या यंत्रातले. दोन्हींत साबणाचा चुरा टाकून हलविले. पहिलीत नुसता पांढरा साका, दुसरीत भरपूर फेस. "हे विष तुम्ही रोज पिता," तो म्हणाला. स्नेही वाळूजला कारखान्यात कामाला आहेत. महिना १,२०० रुपयांप्रमाणे १८ हप्त्यांच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन काढलेही होते. तेवढ्यात वहिनींनी विचारले, "भाऊजी, तुमचं काय म्हणणं?"

त्यांना जे सांगितले, तेच येथे देत आहोत.

आपल्या शहराला नळाचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. पण वर्षानुवर्षे ते दिवसाआड, कधी आठ-आठ दिवसांआड आले. म्हणून वस्त्या बोअरवर आणि टँकरवर जगल्या. आपल्याकडच्या काळ्या खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. साबण फेसाळत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आणि हीटरच्या रॉडला पांढरा थर बसतो. हा त्रास खरा आहे; पण त्रास म्हणजे विष नव्हे.

भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जड पाण्याने प्रकृतीला अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे. मुतखड्याची भीती घालून पुष्कळ यंत्रे खपतात. पण उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने पाणी कमी पिणे, हे खड्याचे मोठे कारण आहे. पाणी जड म्हणून कमी पिऊ नका.

दुसरा गैरसमज असा, की सॉफ्टनर पाण्यातले क्षार काढून टाकतो. तो काढत नाही, अदलाबदल करतो. यंत्रात राळेचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मण्यांची शक्ती संपली की मिठाच्या पाण्याने ती परत आणावी लागते. म्हणजे हप्त्याशिवाय मिठाचा खर्च आणि धुण्यात वाया जाणारे पाणी हेही आलेच. १०० मिलीग्रॅम जडपणा गेला की लिटरमागे सुमारे ४६ मिलीग्रॅम सोडियम वाढते. ४०० जडपणाच्या पाण्यात हा आकडा १८४ वर जातो. आमच्या स्नेह्यांच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे, तेथे हे पाणी पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

तिसरा गैरसमज सर्वांत धोक्याचा. मऊ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असे समजून माणसे पाणी उकळणे बंद करतात. सॉफ्टनर जंतू मारीत नाही. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू मऊ पाण्यातही तितकेच सुखाने राहतात. पाण्याला साबणाचा फेस आला, यावरून ते पिण्यालायक आहे की नाही हे काहीच कळत नाही.

चौथ्या गैरसमजात आम्हीही होतो. तुरटी फिरवली की पाणी मऊ होते, असे आम्हाला वाटे. तुरटीने गाळ खाली बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने काही जडपणा भांड्याच्या तळाशी थर होऊन बसतो, सगळा नाही.

मग करावे काय? नळाचे पाणी पिण्यासाठी राखावे, तेही खळखळून उकळून. बोअरचे पाणी धुण्याभांड्याला वापरावे. कपड्यांच्या बादलीत थोडा धुण्याचा सोडा टाकला तर साबण कमी लागतो. तो खायचा सोडा नव्हे. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. हंड्याचा थर लिंबाने निघतो. बोअरचेच पाणी प्यावे लागत असेल तर भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्यावे. तेथे जडपणाबरोबर नायट्रेट आणि फ्लोराईडही पाहायला सांगावे. या दोहोंपासूनच खरा अपाय संभवतो आणि साबणाच्या बाटलीत ते दिसत नाहीत.

सॉफ्टनर टाकाऊ वस्तू आहे, असे आमचे म्हणणे नाही. गिझर, कपड्याचे यंत्र, मोठ्या इमारतीची बोअरची टाकी असेल तर तो उपयोगी पडतो. पिण्याचा नळ मात्र वेगळा ठेवावा.

शेवटी आम्ही वहिनींकडून साबणाचा हिशेब मागितला. जड पाण्यामुळे जास्तीचा साबण महिन्याला फार तर दीडशे रुपयांचा. हप्ता १,२०० रुपयांचा, एकूण २१,६०० रुपये. स्नेह्यांनी पेन खिशाला लावले. विक्रेता बाटल्या आवरून पुढच्या घरी गेला. तो तुमच्याही दारी येईल. सही करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारा : या पाण्यातले जंतू मरतात काय, आणि त्यात मीठ किती वाढते?