खोकल्याच्या औषधाने झोप येते का? बाटली उघडण्याआधी हे वाचा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात थंडीची चाहूल लागली की घरोघरी खोकला सुरू होतो. सरकारी दवाखान्यात रांग लावायची तर कामाचा खाडा होतो. मग बाजारातल्या औषध दुकानात ‘खोकल्यावर काहीतरी द्या’ एवढे सांगितले की भागते. दोन झाकणे औषध घेऊन कोणी पहाटे ट्रॉलरवर जातो, कोणी पर्यटकांना घेऊन आंबोली घाट चढतो, तर कोणी फवारणीसाठी हापूसच्या कलमावर चढतो.

या औषधाने ‘जरा गुंगी येते’ हे सर्वांना ठाऊक असते. पण ती कोणत्या औषधाने येते, किती वेळ राहते आणि त्या वेळात काय करू नये, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. खरा धोका या न झालेल्या बोलण्यात आहे.

झोप कशामुळे येते?

खोकल्याचे प्रत्येक औषध झोप आणत नाही. झोप येते ती त्यातल्या काही ठरावीक घटकांमुळे. त्यांत पहिले नाव क्लोरफेनिरामाइनचे. डायफेनहायड्रामिन आणि प्रोमेथाझिन हीही त्याच जुन्या पिढीतली अँटिहिस्टामाइन औषधे. हिस्टामाइन या द्रव्यामुळे नाक वाहते, शिंका येतात. मात्र हेच द्रव्य मेंदूत माणसाला जागे ठेवण्याचे काम करते. ही जुनी औषधे रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलेही हिस्टामाइनचे काम रोखतात. नाक थांबते, सोबत डोळेही जड होतात.

कोडीन हा अफूवर्गातला घटक, त्यानेही गुंगी येते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन नेहमीच्या मात्रेत काहींना सुस्ती आणते. जास्त घेतल्यास चक्कर आणि गोंधळलेपण येऊ शकते. सेटिरिझिन नव्या पिढीतले असले तरी काहींना त्याने झोप येते. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही.

कोणत्या घटकांनी सहसा झोप येत नाही?

कफ पातळ करणाऱ्या ब्रोमहेक्सिन, अँब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन यांनी सहसा गुंगी येत नाही. यातले ब्रोमहेक्सिन कोकणाला परके नाही. कोकणातल्या कुंपणांना लावल्या जाणाऱ्या अडुळशात व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन बनवले गेले. पण एकाच बाटलीत ब्रोमहेक्सिन आणि क्लोरफेनिरामाइन दोन्ही असू शकतात. त्यामुळे ‘कफाचे औषध आहे, झोप येणार नाही’ असे बाटलीच्या नावावरून ठरवता येत नाही. घटकांची यादीच वाचावी लागते.

‘मला काही होत नाही’ हा भ्रम

‘मी रोज घेतो, मला झोप येत नाही’ असे अनेक चालक सांगतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ४० जणांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर त्यांची वेगवेगळ्या वेळी चाचणी घेतली गेली: एकदा डायफेनहायड्रामिन घेऊन, एकदा मद्य घेऊन, एकदा फेक्सोफेनाडिन घेऊन आणि एकदा औषध नसलेली गोळी घेऊन. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर गाडीवरचे नियंत्रण मद्य घेतल्यापेक्षाही बिघडले. शिवाय ‘मला किती झोप येतेय’ या स्वतःच्या अंदाजावरून गाडी किती वाईट चालवली जाईल, हे नीट कळत नव्हते.

म्हणजे डोळे मिटत नसले तरी प्रतिक्रिया मंदावलेली असू शकते. महामार्गावर अचानक गुरे आडवी आली, करूळ घाटात वळणावर समोरून ट्रक आला किंवा जाळे ओढताना दोर पायात अडकला, तर त्या एका क्षणाच्या उशिराची किंमत मोठी असते. वर रात्रीची थोडी दारू असेल तर गुंगी आणखी वाढते.

क्लोरफेनिरामाइनचा परिणाम चार ते सहा तास राहतो असे सांगितले जाते. पण प्रौढ माणसाच्या शरीरातून त्याची निम्मी मात्रा कमी व्हायला सुमारे २० तास लागतात. रात्री घेतलेल्या औषधाचा अंश म्हणूनच सकाळीही शरीरात असतो.

नकळत दुप्पट मात्रा

आणखी एक चूक सर्रास होते. सर्दीची गोळी वेगळी आणि खोकल्याचे सिरप वेगळे घेतले जाते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते आणि तेच सिरपमध्येही असते. घेणाऱ्याला वाटते दोन आजारांची दोन औषधे घेतली. प्रत्यक्षात एकच औषध दोनदा पोटात जाते.

घरातल्या वयस्कर माणसांना याचा त्रास जास्त होतो. तोल जाऊन पडणे, गोंधळल्यासारखे होणे, लघवी अडकणे असे प्रकार घडू शकतात. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मूल शांत झोपावे म्हणून त्याला सिरप पाजणे तर पूर्णपणे टाळावे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा औषधावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुलांचे जीव गेले ते सिरपमधील विषारी डायइथिलीन ग्लायकॉलमुळे. तो भेसळीचा वेगळा प्रश्न होता. पण त्यानंतर केंद्राने दिलेला सल्ला सर्वांनी लक्षात ठेवावा: दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत.

कायदा काय सांगतो?

औषध नियमावलीच्या ‘परिशिष्ट जी’मध्ये क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन यांचा समावेश आहे. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोकादायक आहे, असा इशारा त्यांवर छापावा लागतो. गुंगीचा आणि गाडी न चालवण्याचा इशाराही अनेक बाटल्यांवर असतो. पण तो इंग्रजीत आणि भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारूपुरते नाही. औषधाच्या अमलामुळे वाहनावर नीट ताबा ठेवता येत नसेल, तर तोही गुन्हा ठरू शकतो. दुसरीकडे, २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत फार्मासिस्टने रुग्णाला औषध समजावून सांगावे अशी तरतूद आहे, पण ती डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर. जो चिठ्ठीशिवाय येतो, त्याला डॉक्टरही भेटलेला नसतो आणि सल्लाही मिळत नाही. ज्याला सांगण्याची सर्वाधिक गरज, तोच सुटतो.

काय करता येईल?

ही औषधे बंद करा, असे कोणी म्हणत नाही. रात्रभर खोकून हैराण झालेल्या माणसाला थोडी झोप लागली तर ते बरेच. प्रश्न दिवसा आणि कामावर घेतल्या जाणाऱ्या औषधाचा आहे. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाने आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी एक साधी गोष्ट करावी: गुंगी आणणाऱ्या प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत ‘झोप येऊ शकते, गाडी-होडी चालवू नका’ अशी चिकटपट्टी. दुकानात गर्दी असते, हे खरे. पण पट्टी लावायला वेळ लागत नाही.

तोवर ग्राहकाने स्वतः काळजी घ्यावी. मोबाइलने बाटलीचा फोटो काढून मोठा करून घटक वाचावेत. दुकानदाराला ‘दिवसा काम आहे, झोप न येणारे द्या’ असे स्पष्ट सांगावे. गुंगीचे औषध घ्यायचेच असेल तर पहिली मात्रा सुट्टीच्या रात्री घेऊन पाहावी. तारकर्ली-देवबागमध्ये स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांनी सर्दीत पाण्याखाली जाऊच नये. कानावर येणारा दाब औषधाने सुटेलच असे नाही.

आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर नवी बाटली घेण्याऐवजी सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाची ही तपासणी तिथे मोफत होते. तिच्यासाठी झालेला एका दिवसाचा खाडा परवडतो.