पोटरी मोजा

271 रुग्ण. 2 वर्षं. रोज दीड ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व किंवा तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक मज्जातंतुविकारावर इटली आणि ब्रिटनमध्ये झालेल्या या चाचणीचा निकाल 2011 मध्ये छापून आला. औषध घेणाऱ्यांचा आजार सरासरी 0.2 गुणांनी वाढला. न घेणाऱ्यांचाही 0.2 गुणांनीच. मोजपट्टी 36 गुणांची.

जीवनसत्त्वाचा उपयोग नाही, असा निष्कर्ष निघाला. तो मान्य. पण दुसरा आकडा पुन्हा पाहा. ज्यांना औषध मिळालंच नाही, त्यांचाही आजार दोन वर्षांत जागचा हलला नाही, असं ही मोजपट्टी सांगते. मग उद्या खरोखर गुणकारी औषध हाती आलं, तरी ते तिला दिसणार कसं?

तिच्या पायऱ्याच रुंद आहेत. बधिरपणा पायाच्या बोटांपुरता असेल तर एक गुण, घोट्यापर्यंत पोचला की दोन, गुडघ्यापर्यंत तीन. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जायला या आजाराला कित्येक वर्षं लागतात. तेवढा काळ गुण तेच राहतात. पोटरी मात्र तीच राहत नाही. मज्जातंतूंशी दुवा तुटलेला स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी भरत जाते.

ही चरबी मोजता येते. पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन एमआरआयमध्ये किंचित वेगळ्या वारंवारतेचा संदेश देतो. त्यावरून दोन्ही वेगळे करण्याची पद्धत डिक्सन यांनी 1984 मध्येच मांडली. लंडनच्या संशोधकांनी ती वापरून याच विकाराच्या अवघ्या 20 रुग्णांच्या पोटऱ्या वर्षभराच्या अंतरानं तपासल्या. चरबीचं प्रमाण 1.2 टक्क्यांनी वाढलेलं होतं, आणि ही वाढ योगायोगाची नव्हती. हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

रुग्णाला टक्केवारीशी काय करायचं आहे, त्याला नीट चालता यायला हवं, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. पण चरबी होऊन गेलेला स्नायू परत मिळत नाही. चाल बिघडेपर्यंत वाट पाहणारी चाचणी, वाचवायचं ते गेल्यावर उत्तर देते. वर्षानुवर्षं निमूट गोळ्या घेणाऱ्या माणसांशी हा व्यवहार न्याय्य नाही. अशा संथ विकारावरची पुढची कोणतीही चाचणी, पहिली गोळी देण्याआधी पोटरीतली चरबी मोजून ठेवल्याशिवाय मंजूर होऊ नये.