मोबाइल माझा, सिम कुणाचं?

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक मैत्रीण रडवेल्या चेहऱ्यानं आली. आदल्या दिवशी पौडहून पिरंगुटला येताना पीएमटीच्या गर्दीत तिच्या पिशवीतला मोबाइल कुणीतरी लांबवला होता. मी विचारलं, "अगं, मग तक्रार केलीस का?" तर म्हणाली, "नाही ताई. घरी कळलं तर म्हणतील, तुला सांभाळता येत नाही, पुन्हा कशाला हवाय मोबाइल?"

बघा, चोरापेक्षा घरच्यांच्या बोलण्याची धास्ती मोठी! आणि या धास्तीपायी अख्खा दिवस गेला होता.

हा दिवस फार महागात पडू शकतो. मोबाइलला लॉक असलं तरी चोर आतलं सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालू शकतो. मग बँकेचा ओटीपी त्याच्याकडेच जातो. लाडक्या बहिणीचे पैसे असोत की गटाची बचत, सगळं त्या एका नंबरला जोडलेलं असतं. म्हणून मोबाइल गेला की आधी कंपनीला कळवून सिम बंद करायचं, बँकेला सांगायचं. पैसे गेलेच असतील तर तडक १९३० नंबरवर फोन करायचा.

आम्ही सिम बंद करायला सांगितलं. पण त्याच नंबरचं नवं सिम मागायला गेलो तर अडलं. सिम होतं तिच्या यजमानांच्या नावावर! ज्याच्या नावावर सिम, त्यालाच नवं मिळतं. शेवटी घरी सांगावंच लागलं. यजमान आधी चिडले, मग मुकाट्यानं दुकानात आले.

नंबर हवाच, कारण पुढचं काम त्यावरच होतं. चोरीचा मोबाइल बंद करण्याची केंद्र सरकारची सीईआयआर नावाची सोय आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ती मुंबईत सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. 'संचार साथी'च्या संकेतस्थळावर पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि मोबाइलचा आयएमईआय नंबर द्यायचा. मग त्या मोबाइलमध्ये कुठलंही सिम घातलं तरी तो चालत नाही, आणि कुणी घातलंच तर पोलिसांना माग लागतो. ओटीपी मात्र आपल्या नंबरवर येतो, आणि नव्या सिमवर मेसेज यायला चोवीस तास जातात.

आयएमईआय म्हणजे पंधरा आकडी नंबर. *#०६# दाबलं की दिसतो, खोक्यावरही असतो. आजच वहीत लिहून ठेवा. बिल जपून ठेवा. सिमलाही पिन घालता येतो, तो दुकानदाराकडून नीट समजून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं. आणि मुख्य म्हणजे, सिम आपल्या नावावर करून घ्या. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण बायका भांडतो, मग सिमवर का नको?

मैत्रिणीचा मोबाइल अजून सापडलेला नाही. पण खात्यातले पैसे वाचले, नंबर परत मिळाला, आणि आता तो तिच्या नावावर आहे.

घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं. तुमचं पाकीट मारलं गेलं तर आम्ही आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो. आमचा मोबाइल गेला तर तेवढंच करा. बोलणी नंतर खाऊ.