भाद्रपदातच का भरते नमुन्याची बाटली?

अनंत चतुर्दशी आटोपली की नदीकाठी एका नव्या व्रताला आरंभ होतो. गळ्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतलेले विद्यार्थी घाटावर येतात, विसर्जनाच्या ठिकाणचे पाणी भरून नेतात आणि काही महिन्यांनी ‘गणेशमूर्ती विसर्जनाचा नदीच्या पाण्यावर होणारा परिणाम’ या मथळ्याचा अहवाल, काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे मिरवीत, विभागाच्या कपाटात जाऊन बसतो. पुढील वर्षी तीच नदी, तोच घाट आणि तोच मथळा. बदलतात ती केवळ विद्यार्थ्यांची नावे.

कला शाखेच्या पदवीधराने रसायनशास्त्राच्या प्रकल्पांविषयी बोलावे काय, असे कोणी विचारील. परंतु नाला कोठे आहे हे दिसण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. एका महाविद्यालयातील प्रकल्प-प्रदर्शनात मी एका विद्यार्थ्याला विचारले, “वरच्या अंगाला जो नाला नदीला मिळतो, तेथला नमुना घेतलात का?” मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, तो आमच्या विषयात येत नाही. आणि विसर्जनाचा विषय लगेच छापून येतो.” या उत्तरात दोष त्या मुलाचा नाही. त्याला विषय देणाऱ्यांचा आहे.

कोल्हापूरची पंचगंगा पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांच्या संगमाची श्रद्धा जिच्याशी जोडलेली आहे आणि जी नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते, ती ही नदी. तिला जयंती नाला वर्षातून दहा दिवस मिळत नाही, तीनशे पासष्ट दिवस मिळतो. पुढे इचलकरंजीचा काळा ओढा आहे, आणि त्याच्या नावातच त्याचे वर्णन आले. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आता कोणाला चकित करीत नाही. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली, माणसे दगावली. ‘ई’ प्रकारची ही कावीळ मैलामिश्रित पाण्यातून पसरते आणि गर्भवती स्त्रियांना ती विशेष घातक ठरते. मूर्तीच्या रंगातून ती होत नाही. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या शहराला नळाने कृष्णेचे पाणी आणावे लागले, पुढे वारणेचे आणि दूधगंगेचेही नाव निघाले. ज्यांना तहान लागली त्यांचे आणि ज्यांच्या नदीचे पाणी जायचे त्यांचे, असे शेजारी शेजाऱ्यांशी भांडले. या सर्वांवर किती प्रकल्प झाले, आणि विसर्जनावर किती, याचा हिशेब विद्यापीठांनीच एकदा मांडावा.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजी विरघळत नाही, हे सत्य आहे. ते नाकारण्यात धर्माचा काही मान वाढत नाही. पण या प्रश्नाला खरे विज्ञान कसे भिडते ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवून दिले. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की प्लास्टरमधील कॅल्शियम सल्फेटचे रूपांतर खडूच्या चुऱ्यात होते आणि वर उरणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत तयार होते. बेकरीत वापरला जाणारा साधा पदार्थ आणि घरातील बादली! पुणे महापालिकेने तो नागरिकांना उपलब्ध करून दिला आणि हजारो कुटुंबांनी घरीच, श्रद्धेने, विसर्जन केले. तेथे भाविकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज कोणाला भासली नाही. आमच्या पुरोगामी मित्रांना यातले खत दिसत नाही, फक्त मिरवणूक दिसते.

परकीय पुस्तकावर विसंबून राहण्याची खोड तर हाडीमाशी खिळली आहे. पाणी सेंद्रिय घाणीने किती बिघडले हे मोजण्यासाठी ‘बीओडी’ ही परीक्षा करतात. स्नानयोग्य पाण्यात तिचे मान लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. नमुना वीस अंश तापमानात पाच दिवस ठेवायचा, ही तिची रूढ रीत इंग्लंडच्या थंड हवेत आणि तेथील आखूड नद्यांच्या हिशेबाने बसली. आपल्या भारतीय मानकाने १९९३ साली ती आपल्या हवामानाला अनुसरून सत्तावीस अंश आणि तीन दिवस अशी ठरविली. स्वदेशी विज्ञान म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही माझ्या पाहण्यात आलेल्या अहवालांत वीस अंशच दिमाखाने विराजमान आहेत, कारण मूळ मजकूर जेथून उतरविला तेथे तेच होते.

आणि पेटंटचा नवा सोस! २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना त्याच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळते. अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतोच, आणि तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते. पण ‘प्रसिद्ध’ झालेल्या अर्जाचा फलक फाटकावर ‘पेटंट मिळाले’ म्हणून झळकतो. नाल्याला त्याचे काय?

आता थोडे आपल्याविषयी. ‘हिंदूंच्या सणांवरच का डोळा?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणाऱ्यांपैकी किती जणांजवळ नाल्याच्या पाण्याचे आकडे आहेत? पत्रके काढली, निवेदने दिली, बाटली मात्र भरली नाही. ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्याला जयंती नाल्यात किती मैला येतो हे ठाऊक नसेल, तर पूर्वजांच्या पुण्याईवर आपण किती दिवस जेवणार? गावोगावच्या आपल्या शाखांत निवृत्त प्राध्यापक आहेत, औषधी कंपन्यांतून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ आहेत. एकेका महाविद्यालयाचा एकेक नाला त्यांनी आपल्या अंगावर घ्यावा. प्रत्येक तुकडीने आपली नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी, म्हणजे पाच वर्षांत पाच एकसारखे अहवाल न होता पाच वर्षांची एक नोंद होईल. ती मराठीत लिहून ग्रामसभेत वाचली जावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावरही ठेवली जावी.

यात एक अडचण आहे, ती महाविद्यालयांच्या दिनदर्शिकेची. प्रकल्पाचा आराखडा पावसाळ्यात ठरतो आणि अहवाल एप्रिलपर्यंत बांधून होतो. मे महिन्यात विद्यार्थी आपापल्या गावी आणि प्रयोगशाळेला कुलूप. नदीत पाणी सर्वांत कमी आणि घाण सर्वांत दाट असते ती नेमकी याच दिवसांत. इचलकरंजीतली कावीळ मे-जूनमध्येच पसरली होती. भाद्रपदातला नमुना घेऊ नका असे कोणी म्हणत नाही. मे महिन्यातला कोण घेणार, एवढे संबंधित प्राचार्यांनी सांगावे.