पाठीतले पाणी आणि डोकेदुखी

अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला अमेरिकेने मे २०२५मध्ये मान्यता दिली. पण काहींचा निकाल अधांतरीच राहतो. मग पाठीतले पाणी काढून तपासावे लागते. ‘डॉक्टर, डोकेदुखी मागे लागेल ना?’ हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपत राहिले, तर उठून बसताच डोके दुखते, आडवे होताच उतरते. वृद्धांना हा त्रास तरुणांपेक्षा कमीच. खरा फरक सुईचा. ‘लॅन्सेट’मधील २०१८च्या विश्लेषणात धारदार टोकाच्या सुईने ११ टक्के, तर पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने सुमारे ४ टक्के रुग्णांचे डोके दुखले. तरीही अनेक ठिकाणी जुनीच सुई वापरतात आणि रुग्णाला तासन्‌तास निजवतात. निजवून डोकेदुखी टळत नाही. संमतिपत्रावर सही करण्याआधी सुई कोणती, हे जरूर विचारा.